अभिजात चित्रपटांच्या आवृत्त्यांची प्रतीक्षा
जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या काष्टीतील रसिकाला जागतिक सिनेमाचा अभिजात ठेवा पडद्यावर पाहायचा, तर दौंडमार्गे पुणे गाठावे लागते. म्हणूनच होम व्हिडिओ, म्हणजे घरी जपून पुन्हा पुन्हा पाहता येणारी डीव्हीडी किंवा ब्लू-रे, ही त्याची चैन नसून अभ्यासाची गरज ठरते. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’च्या मूळ निगेटिव्ह, म्हणजे ज्यांवरून प्रती काढल्या जातात त्या फिती, 1993 मध्ये लंडनमधील आगीत होरपळल्या, तरीही वाचलेल्या तुकड्यांच्या वितळलेल्या कडा आणि फाटलेली छिद्रे इटलीतील बोलोन्या येथे तज्ज्ञांनी हाताने सांधली आणि 2015 मध्ये अमेरिकेतील क्रायटेरियन संस्थेने ‘पथेर पांचाली’पासून सुरू होणारी अपू-चित्रत्रयी ब्लू-रेवर आणली, हे खरोखर थोर काम होय. दामले-फत्तेलाल यांच्या, 1937 मध्ये व्हेनिसला गौरवलेल्या ‘संत तुकाराम’चीही अशीच निगुतीने शुद्ध केलेली, टिपणांसह सिद्ध झालेली आवृत्ती घराघरांत पोहोचावी, ही अपेक्षा अवाजवी नाही, 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच असताना तर नाहीच. संग्रहालयाने आणि हक्कधारकांनी हे काम हाती घ्यावे, आणि परदेशी अभिजात चित्रपटांना मराठी उपशीर्षकेही द्यावीत.