समांतर रचना आणि एक ‘अँड’

इंग्रजी व्याकरणाच्या तासाला ‘पॅरलल स्ट्रक्चर’ हा घटक आम्ही वर्षानुवर्षे एकाच रीतीने उरकत आलो. ‘शी लाइक्स रीडिंग, सिंगिंग अँड टू कुक’ असे वाक्य फळ्यावर लिहायचे, शेवटच्या पदाचे ‘कुकिंग’ करून घ्यायचे आणि तशीच दहा वाक्ये घरी सोडवायला द्यायची. विद्यार्थी ती बिनचूक सोडवतो आणि निबंधात तीच चूक पुन्हा करतो.

याचे एक कारण मराठीत आहे. ‘वाचणे, गाणे, रांधणे’ हे सारे आपण एका ‘णे’वर भागवतो. इंग्रजीत त्याच जागी ‘टू’ लावलेले क्रियापद येते किंवा ‘इंग’ने संपणारे रूप, आणि दोन्हींना मनात ‘णे’च ऐकणाऱ्या मुलाला त्यांची सरमिसळ खटकत नाही. उलट ‘केवळ... नव्हे, तर...ही’ या रचनेत आपला ‘ही’ नेमक्या शब्दाला चिकटतो. ‘नॉट ओन्ली’ कोठे ठेवावे हे त्याच्या आधारे चटकन समजावता येते. मराठीचा हा आधार घ्यायला आपण का लाजतो, कोण जाणे!

सरावासाठी सुटी वाक्ये नकोत, गद्य हवे. बेकनचा अभ्यासाविषयीचा निबंध (१५९७) घ्या. पहिल्याच वाक्यात तीन नामांमागे ‘फॉर’ तीनदा येतो, आणि पुढच्या वाक्यात ती तिन्ही नामे त्याच क्रमाने उलगडतात. तेथे समांतरता ही विचाराची मांडणीच आहे, हे मुलांना सांगावे लागत नाही.

मात्र तीन पदे सारखी करण्याचा हट्ट घातकही ठरतो. एका विद्यार्थ्याने आपल्या आजोबांविषयी लिहिले होते : ‘ही वॉज ओल्ड, इल, अँड ही वुड नॉट स्पीक टू एनीवन.’ आम्ही लाल शाईने शेवटचा भाग खोडून ‘सायलेंट’ केले. नियमाला धरून केले, आणि वाक्य मारले. म्हातारपण व आजार आजोबांवर आलेले होते. न बोलणे त्यांनी स्वतः ठरवले होते. ही तीन पदे एका पंक्तीत बसणारी नव्हतीच. ‘ओल्ड’ आणि ‘इल’ यांच्यामध्ये एक ‘अँड’ घातला असता, तर ती दोन विशेषणे एकत्र राहिली असती, दोन वाक्ये शेजारी उभी राहिली असती आणि मुलाचे म्हणणेही शाबूत राहिले असते. वही केव्हाच परत गेली होती.