गाय अनुदानावर, चारा घाटावरून

गोव्यातील दुग्धव्यवसायाची चर्चा बहुधा दोन मुद्द्यांपाशी थांबते: दुधाचा दर आणि वेळेवर न मिळणारे अनुदान. तक्रारी रास्त आहेत. पण चार-पाच गायींचा गोठा सांभाळणारे कुटुंब या धंद्यात टिकेल की नाही, हे त्याआधीच वैरणीच्या हिशेबात ठरलेले असते. सुधारित कामधेनू योजनेने गोठ्यात संकरित गाय आणून दिली; ती जगवायची कशावर, हा प्रश्न मात्र गोपालकाच्या माथी राहिला.

चारशे किलो वजनाच्या दुभत्या गाईला दिवसाला साधारण २५ किलो हिरवा आणि ५ ते ६ किलो सुका चारा लागतो. दहा लिटर दूध देत असेल तर वर पाच किलो पशुखाद्य. पाच गायींसाठी वर्षाला सुमारे ४५ टन हिरवा चारा झाला. पावसाळ्यात बांधावरचे गवत भागवते. जानेवारी उलटली की जांभ्या दगडाची पठारे करपतात आणि घाटावरून येणाऱ्या ट्रककडे डोळे लागतात. याच काळात आपल्या शेतांतला पेंढा यंत्राने कापणी झाल्यावर तसाच पडून कुजतो, हा विरोधाभास कोणाला फारसा टोचत नाही. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरियाचे द्रावण शिंपडून तो तीन आठवडे हवाबंद ठेवला, तर त्याचा कस वाढतो. हे तंत्र जुने आहे, स्वस्तही आहे. अडते ते पेंढा गोळा करण्यापाशी.

शेणाचेही तसेच. पाच गायींचे रोजचे ५० किलो शेण दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राला पुरते आणि स्वयंपाकाचा सिलिंडर दोन-अडीच आठवड्यांनी एक असा वाचतो. त्याहून मोलाची ती बाहेर पडणारी मळी. नेपियर गवताला ती मिळाली, तर दर दीड महिन्याने कापणी येते. पाणी असेल तिथे पाऊण एकरात पाच गायींचा हिरवा चारा निघू शकतो. ज्यांच्याकडे पाणी नाही, त्यांच्यासाठी श्वेतकपिला हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. गोव्याची ही नोंदणीकृत देशी गाय दूध थोडे देते, पण दमट हवामान आणि निकृष्ट चारा सोसते. सर्वांच्या गोठ्यांत एकच जात बांधण्याचा अट्टाहास म्हणूनच शहाणपणाचा नाही.

खरी अडचण त्या पाऊण एकराची आहे. चाऱ्यासाठीही सवलती आहेत, पण त्या जमीन असणाऱ्याच्या. गावोगावी शेते पडीक दिसतात आणि शेजारचा गोपालक वैरण विकत घेतो. मालक जमीन कसायला देत नाही, कारण कुळ लागेल ही भीती. १९६४ चा कुळ कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला हक्क दिला, ते न्याय्यच होते. परंतु त्याची सावली आज तीन वर्षांच्या चारा-करारावरही पडते. कुळहक्क निर्माण होणार नाही, अशा स्पष्ट अटीवर फक्त वैरणीसाठी मुदतीचा भाडेकरार कायद्यात बसवता येईल का, याचे उत्तर पशुसंवर्धन खाते एकटे देऊ शकत नाही. ते महसूल खात्याला आणि विधानसभेला द्यावे लागेल.