सुभद्रेची झोप

चक्रव्यूहाची कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गर्भवती सुभद्रेला व्यूहभेदाचे वर्णन ऐकवले जात होते आणि गर्भातील अभिमन्यू ते ग्रहण करीत होता. बाहेर पडण्याचा भाग येण्यापूर्वीच सुभद्रेला झोप लागली आणि बालकाचे ज्ञान अपुरे राहिले. गर्भावर संस्कार होतात हे पटवून देण्यासाठी या लोककथेचा दाखला हमखास दिला जातो. मात्र एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. सुभद्रेला झोप का लागली? ती थकली होती काय? तिच्या उशाशी कोणी होते काय? लोकमानसाने अभिमन्यूच्या अपुऱ्या विद्येची हळहळ बाळगली; सुभद्रेच्या थकव्याची विचारपूस करायची मात्र राहून गेली.

नेमकी हीच उणीव आज गर्भसंस्काराच्या नावाने चालणाऱ्या अनेक उपक्रमांत दिसते. शहरोशहरी वर्ग निघाले, ध्वनिफिती निघाल्या. गोरे, उंच, असामान्य बुद्धीचे अपत्य घडवून देण्याच्या जाहिरातीही झळकल्या. अशा हमीला शास्त्राचा आधार नाही. गर्भाला सातव्या महिन्याच्या सुमारास आवाज ऐकू येऊ लागतात आणि नवजात बालक आईचा आवाज ओळखते, एवढे संशोधनाने दाखवून दिले आहे. याचा सरळ अर्थ असा की, बाळाला सर्वांत परिचित असलेला स्वर त्याच्या आईचा असतो. तो स्वर प्रसन्न असावा, ही काळजी घेणे हाच पहिला संस्कार होय. उलट, 'मी आज स्तोत्र म्हटले नाही, मला रडू आले, आता बाळाचे कसे होणार' या धास्तीने एखादी माता रात्र जागवीत असेल, तर तो संस्कार नव्हे, तो भार झाला.

प्राचीनांची दृष्टी याहून कितीतरी उदार होती. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीला काठोकाठ भरलेल्या तैलपात्राची उपमा दिली आहे. ते पात्र डचमळू न देता जसे सांभाळावे, तसे तिला सांभाळावे. सांभाळणारे हात इतरांचे आहेत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्याच ग्रंथात सूतिकागारात कोण असावे, हेही सांगितले आहे: अनेकदा प्रसूत झालेल्या, स्नेहशील, तिच्यावर माया असणाऱ्या आणि तिला धीर देणाऱ्या स्त्रिया. आश्वलायन गृह्यसूत्रातील सीमंतोन्नयनात पती स्वतःच्या हाताने पत्नीचा भांग काढतो, वीणावादकांना गायला सांगितले जाते आणि अनुभवी वृद्ध स्त्रिया सांगतील ते करावे, असा निर्देश येतो. पतीचा हात, गाण्याचा स्वर आणि वडीलधाऱ्या स्त्रियांचा शब्द, हे सारे गर्भिणीभोवती गुंफलेले होते.

मराठी लोकाचारानेही हेच सूत्र जपले. डोहाळे पुरवणे म्हणजे तिच्या मनातले ओळखणे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत म्हणजे तिला काही काळ सून या भूमिकेतून मुक्त करून पुन्हा लेक होऊ देणे. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, अंगाला तेल लावणारी बाई आणि सव्वा महिन्याची विश्रांती यांतून शरीराबरोबर मनही सावरत असे. या परंपरेत दोषही होते. विटाळाच्या कल्पनेने बाळंतिणीला अंधाऱ्या, कोंदट खोलीत ठेवले गेले आणि मुलगी झाली की घर गप्प झाले. ते दोष टाकलेच पाहिजेत. परंतु त्यांबरोबर सोबतही टाकली गेली, ही खरी हानी होय.

ही हानी भावनिक कल्पना नाही. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या मातांचा अभ्यास केला. तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. दारिद्र्य आणि पतीशी बिघडलेले संबंध ही त्यामागची ठळक कारणे होती; अशा ताणात मुलगी जन्मणे हा आणखी एक घाव ठरत होता. म्हणजे जवळपास चारांतील एक माता बारशाच्या गजबजाटातही आतून खचलेली होती. अशा स्त्रीला 'सगळ्यांनाच होते, नामस्मरण कर' एवढे सांगून चालत नाही. प्रार्थना बळ देते, परंतु नैराश्य हा आजार आहे. उदासी दोन आठवड्यांपलीकडे टिकली, झोप व भूक हरपली किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला गेला, तर तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेणे हेच घराचे कर्तव्य होय. स्वतःला वा बाळाला इजा करण्याचा विचार तिने बोलून दाखवला, तर क्षणाचाही विलंब नको.

आधुनिक शास्त्रही आता सोबतीकडे वळले आहे. प्रसूतीच्या वेळी अखंड सोबत मिळाल्यास नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते आणि शस्त्रक्रियेचे घटते, असा निष्कर्ष सुमारे 15 हजार स्त्रियांवरील चाचण्यांच्या 2017 मधील आढाव्यातून निघाला. केंद्र शासनाने 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास अनुमती दिली आणि ती स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेली असावी, असे सुचवले. चरकांनी सांगितलेली स्त्री शासकीय आदेशातून पुन्हा प्रसूतिगृहाच्या दाराशी आली आहे. तिला आत घेण्याचा आग्रह कुटुंबांनी धरला पाहिजे.

कायद्याने 2017 मध्ये मातृत्वरजा 12 वरून 26 आठवड्यांवर नेली, परंतु ऊसतोड करणारी, वीटभट्टीवर राबणारी किंवा चार घरची धुणीभांडी करणारी माता या सुखाला मुकते. तेथे समाजानेच पुढे झाले पाहिजे. ज्या वस्तीत संस्कारवर्ग चालतो, त्या वस्तीत कोण गर्भवती आहे आणि कोणाचे माहेर दूर आहे, हे कार्यकर्त्या भगिनींना ठाऊक असावे. आठवड्यातून एकदा तिच्या दारी जावे, डबा न्यावा, तपासणीला सोबत जावे आणि ती बोलेल ते उपदेश न करता ऐकून घ्यावे. घरातील पुरुषांनी बाळाचे लंगोट धुण्यात कमीपणा मानू नये. सासूने रात्रीचे एक जागरण आपल्याकडे घ्यावे.

गर्भसंस्कार करायचा तो आधी घरावर. घर शांत, समंजस आणि मायाळू झाले, तर माता निश्चिंत होईल आणि तिची निश्चिंती बाळापर्यंत आपोआप पोहोचेल. सुभद्रेला झोप लागली, तर तिला उठवू नये. तिच्या अंगावर पांघरूण घालावे. कथा उद्याही पुरी होईल.