परदेशातल्या खोलीचे भाडे कोण भरणार?

राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीची यादी लागली की आमच्या वस्त्यांत आनंदाला उधाण येते. लातूर असो की नांदेड, चौकात डिजिटल बॅनर लागते, बुद्धविहारात सत्कार होतो, शाल-पुष्पगुच्छ दिला जातो, आणि समाजाचा एक मुलगा किंवा मुलगी लंडनला, न्यूयॉर्कला निघाली म्हणून आईबापांचा ऊर भरून येतो. हा आनंद रास्तच आहे. ज्यांच्या आजोबांना गावच्या शाळेच्या पायरीवर बसू दिले नाही, त्यांची नातवंडे जगातल्या नामांकित विद्यापीठांत शिकायला जात आहेत. पण विमान उडाल्यानंतर त्या लेकराचे काय होते? ते कुठे राहते, काय खाते, थंडीत अंगावर काय घालते, हे आम्ही कधी विचारतो काय? सत्काराचा हार सुकण्याच्या आत आम्ही त्याला विसरून जातो, हे कटू असले तरी सत्य आहे.

आमच्या ओळखीतल्या एका घरची गोष्ट सांगतो. मुलगा लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. वडील मिस्त्रीच्या हाताखाली बिगारी, आई रोजंदारीला जाणारी. मुलगा शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेला. फीचा प्रश्न सुटला, पण निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता काही आठवडे आलाच नाही. रोज संध्याकाळी आई फोन करायची आणि एकच प्रश्न विचारायची, "जेवलास का रं?" तो रोज म्हणायचा, "जेवलो गं माय." प्रत्यक्षात तो पावाच्या दोन तुकड्यांवर दिवस काढत होता आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी पुरवून पुरवून खात होता. हे त्याने आम्हाला वर्षभराने, पदवी हातात पडल्यावर सांगितले. आईला त्याने आजही सांगितलेले नाही.

हे ऐकताना आम्हाला बाबासाहेबांचे दिवस आठवले. सयाजीराव महाराजांनी दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला उतरले. प्रथम हार्टले हॉल, मग कॉस्मोपॉलिटन क्लब आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल असा त्यांच्या मुक्कामाचा प्रवास झाला. त्या तुटपुंज्या पैशातून घरी पैसे पाठवायचे, पुस्तके घ्यायची आणि उरेल त्यात पोट भरायचे. १९२० साली अपुरा अभ्यास पुरा करायला ते पुन्हा लंडनला गेले, ते साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज एवढ्या बळावर. सकाळी चहा, पावाचा तुकडा आणि जोडीला मासा किंवा मुरांबा, मग ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचन, आणि रात्री भूक असह्य झाली की पत्र्यावर भाजलेले पापड. चरित्रकारांनी नोंदवलेला हा त्यांचा दिनक्रम आहे. या दिनक्रमातून १९२३ ची डी.एससी. निघाली.

आम्ही हा दिनक्रम व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो आणि सांगितलाच पाहिजे. पण त्यातून चुकीचा धडा घेऊ नये. बाबासाहेब उपाशी राहिले म्हणून आमच्या मुलांनीही उपाशी राहावे, असा याचा अर्थ होत नाही. बाबासाहेबांनी स्वतः काय धडा घेतला ते पाहा. परत आल्यावर बहिष्कृत हितकारिणी सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांतले एक म्हणजे १९२५ साली सोलापुरात सुरू केलेले वसतिगृह. त्याच्याही आधी, १९०८ साली, कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पाठबळाने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले होते. नुसती शाळेची फी माफ करून आमचा मुलगा शिकत नाही. त्याला डोक्यावर छप्पर आणि दोन वेळची भाकर लागते, हे आमच्या महापुरुषांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. आजच्या शासनाला ते अजून उमगत नाही काय, हा आमचा सवाल आहे.

खोलीचा प्रश्न परदेशात गेल्यावर सुरू होत नाही, तो लातूरपासूनच सुरू होतो. 'लातूर पॅटर्न'चा डंका साऱ्या महाराष्ट्रात वाजला. निलंगा, औसा, अहमदपूर, उदगीरकडची आणि नांदेड, धाराशिव, बीडकडचीही पोरे इथे येऊन खोल्या घेऊन राहतात. पण खोली बघायला गेलेल्या आमच्या मुलाला घरमालक आधी टक्केवारी विचारत नाही, आडनाव विचारतो. आडनाव कळले की "खोली कालच गेली" हे उत्तर तयार असते. १९१७ साली कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात याच कारणाने जागा मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले आणि त्या विद्वानाला बागेत झाडाखाली बसून अश्रू ढाळावे लागले. अमेरिका-इंग्लंडमधल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. बाहेरच्या देशाने जी जाणीव पुसली ती स्वदेशाने एका दिवसात परत दिली.

आज मात्र बाहेरचा देशही पूर्वीचा राहिलेला नाही, कारण आपले लोक तिकडे जाताना जात सोबत घेऊन गेले. परदेशात भारतीय विद्यार्थी मिळून घर घेतात. तिथे "स्वयंपाकघरात मांसाहार चालणार नाही" इथून सुरुवात होते आणि "तुझे पूर्ण नाव काय?" इथपर्यंत गोष्ट येते. हे आमच्या मनाचे खेळ असते तर अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला नसता, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातिभेदाला बंदी घातली नसती. कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने तसाच कायदा मंजूर केला, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी तो नाकारला. लढाई तिथेही चालू आहे आणि ती आमचीच मुले लढत आहेत.

आता गोऱ्या मुलांचे शिक्षण पाहा. अमेरिकेतला विद्यार्थी एखादे सत्र शिकायला कोपनहेगनला किंवा स्टॉकहोमला जातो. त्याच्या अडचणी काय असतात? हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो, भाषा कळत नाही, सायकल चालवण्याची सवय नाही. त्यालाही घरची आठवण येतेच. पण त्याचे विद्यापीठ त्याची सोय लावते, अडलेच तर बाप पैसे पाठवतो. त्याच्याबद्दल आमच्या मनात असूया नाही. परदेशी शिकणे ही त्याला तारुण्यातली एक सहल वाटू शकते. आमच्या मुलाच्या पाठीवर मात्र सारे घर असते. ज्या देशांत पूर्वी परदेशी विद्यार्थ्यांना फी नव्हती, तिथली दारेही एकेक करून बंद झाली. डेन्मार्कने २००६ साली, स्वीडनने २०११ साली आणि नॉर्वेने २०२३ साली युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली. गरिबाला उरली ती फक्त शिष्यवृत्ती.

आणि त्या शिष्यवृत्तीची अवस्था काय आहे? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या १ कोटी ३२ लाखांवर आहे. त्यांच्यासाठी राज्याच्या योजनेत वर्षाला ७५ जागा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत साऱ्या देशासाठी १२५ जागा. तिथेही जुलै २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी सुरुवातीला ४० जणांनाच पत्रे मिळाली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाला तर बघू असे सांगण्यात आले. २०२२ मध्ये तर भारतीय संस्कृती, इतिहास, समाजजीवन या विषयांवर परदेशात संशोधन करायला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, असा नियम केला गेला. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेवर निबंध वाचला. हा नियम तेव्हा असता तर त्यांना कोणता विषय घ्यावा लागला असता, याचा विचार वाचकांनीच करावा.

आकड्यांचाच हिशेब मांडू. केंद्राच्या योजनेत ब्रिटनसाठीचा निर्वाह भत्ता वर्षानुवर्षे ९,९०० पौंड राहिला. महिन्याला पडतात ८२५ पौंड. त्याच ब्रिटनने जानेवारी २०२५ मध्ये व्हिसासाठी लंडनमधला किमान खर्च महिन्याला १,४८३ पौंड ठरवला. नऊ महिन्यांचे होतात १३,३४७ पौंड. म्हणजे तिथले सरकार नऊ महिन्यांना जेवढे पैसे लागतात म्हणते, त्याहून कमी पैशात आमच्या मुलाने बारा महिने काढायचे! शिवाय अनेक घरमालक त्याच देशातला नोकरदार जामीनदार मागतात, तो नसेल तर काही महिन्यांचे भाडे एकदम मागतात. लातूरच्या बिगाऱ्याच्या पोराने लंडनमध्ये जामीनदार आणायचा कुठून? मग तो अभ्यास सोडून आठवड्याला वीस तास हॉटेलात भांडी घासतो. कष्टाची लाज आम्हाला नाही, पण ज्या तासांसाठी त्याला पाठवले ते तास ग्रंथालयाचे होते.

कोणी म्हणेल, बँकेचे कर्ज घ्यावे. मोठ्या कर्जाला बँक तारण मागते. मराठवाड्यातल्या आमच्या किती कुटुंबांकडे तारण ठेवायला जमीन आहे? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, लाखो लोक तुरुंगात गेले. तरीही पिढ्यान् पिढ्या गायरान कसणाऱ्या अनेकांच्या नावावर आजही सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून तारण नाही, तारण नाही म्हणून कर्ज नाही.

२०१५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनमधले १०, किंग हेन्रीज रोड हे घर कोट्यवधी रुपये देऊन विकत घेतले. विद्यार्थिदशेत बाबासाहेब तिथे राहिले होते. स्मारक झाले याचा आम्हाला अभिमान आहे. पण बाबासाहेबांच्या खोलीचे स्मारक करणाऱ्या शासनाला बाबासाहेबांच्या लेकरांच्या खोलीचे भाडे वेळेवर देता येऊ नये, हा विरोधाभास डोळ्यांत सलतो.

आमच्या मागण्या साध्या आहेत. विद्यापीठांची सत्रे सप्टेंबरात सुरू होतात, तेव्हा निवड यादी उन्हाळ्यातच लागली पाहिजे, सत्राच्या तोंडावर नव्हे. भत्त्याचा पहिला हप्ता आणि अनामत रकमेचे पैसे विमानात बसण्यापूर्वी खात्यावर जमा झाले पाहिजेत. त्या त्या देशाने ठरवलेला किमान खर्च हाच भत्त्याचा पाया धरावा आणि तो दरवर्षी वाढवावा. जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाढवाव्यात. ही भीक नाही, हा आमचा घटनादत्त हक्क आहे.

पण सगळा दोष शासनावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. चौदा एप्रिलला एका रात्रीत डीजेवर उडणाऱ्या पैशात किती मुलांची अनामत भरली जाईल, याचा हिशेब प्रत्येक जयंती मंडळाने करावा. नोकरीत स्थिरावलेल्या आमच्या बांधवांनी जिल्ह्याजिल्ह्यात बिनव्याजी उसनवारीचा निधी उभारावा. हप्ता आला की मुलगा पैसे परत करील आणि ते पुढच्याला कामी येतील. लंडन, न्यूयॉर्क, बर्लिनमध्ये स्थायिक झालेल्या आंबेडकरी बांधवांनी नव्याने येणाऱ्या मुलांचे जामीनदार व्हावे, पहिले दोन आठवडे त्यांना घरात आसरा द्यावा. नांदेडच्या वस्तीतून निघालेले सूरज येंगडे जोहान्सबर्गला पीएच.डी. करून हार्वर्डपर्यंत पोहोचले, २०१९ साली त्यांचे जातीवरचे इंग्रजी पुस्तक जगभर गेले. अशी वाट एकाने काढली की मागून येणाऱ्यांना तिच्यावरचे खड्डे सांगणे हे पुढच्याचे कर्तव्य ठरते.

बडोद्यात ज्यांनी बाबासाहेबांना धर्मशाळेतून हाकलले ते पारशी होते, आणि लंडनला जाण्यासाठी ज्यांनी त्यांना पाच हजार रुपये दिले ते नवल भथेनाही पारशीच होते. माणूस कोणत्या बाजूला उभा राहतो हे त्याने स्वतः ठरवायचे असते. यंदाची यादी लागेल, बॅनर लागतील, सत्कार होतील. त्या सत्कारात शाल पांघरताना समाजातल्या एखाद्या जाणत्या माणसाने त्या मुलाच्या कानात एवढेच विचारावे, "बाळा, पहिल्या महिन्याच्या भाड्याची सोय झाली का?" आणि झाली नसेल तर ती करूनच घरी जावे. जयभीम!