मोजे, फोड आणि ट्रॉफी

कोच म्हटलं की गळ्यात शिट्टी अडकवून साइडलाइनवरून ओरडणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतले जॉन वुडन मात्र सीझनच्या पहिल्याच दिवशी पोरांना मोजे कसे घालायचे ते शिकवायचे. हसू नका! मोज्याला चुणी पडली की पायाला फोड येतो आणि फोड आला की प्रॅक्टिस बुडते. इतकं साधं लॉजिक. आणि ही पोरं नवशिकी नव्हती बरं का. करीम अब्दुल-जब्बार आणि बिल वॉल्टनसुद्धा हेच शिकून पुढे एनबीएमध्ये गेले.

वुडन सर (ते आधी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून आपण सरच म्हणूया) 1948 ते 1975 अशी 27 वर्षं लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे कोच होते. शेवटच्या 12 वर्षांत त्यांनी एनसीएए ही तिथल्या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा 10 वेळा जिंकली. 1971 ते 1974 या काळात सलग 88 मॅचेस जिंकल्या. हा रेकॉर्ड सगळेच सांगतात. मला बोलायचंय ते त्याआधीच्या 15 सीझन्सबद्दल.

त्या 15 सीझन्समध्ये यूसीएलएला एकही राष्ट्रीय विजेतेपद मिळालं नाही. 1959-60 ला तर 14 मॅचेस जिंकल्या आणि 12 हरल्या. स्वतःचं धड कोर्ट नव्हतं. एकाच जिममध्ये शेजारी कुस्तीवाले आणि जिम्नॅस्टिक्सवाले प्रॅक्टिस करायचे, आणि फरशी पुसायला सर स्वतः उतरायचे. तरी रोजच्या प्रॅक्टिसचा मिनिटामिनिटाचा प्लॅन कार्डावर तयार असायचा. शेवटी 1964 मध्ये, सोळाव्या सीझनला, 30 पैकी 30 मॅचेस जिंकून पहिली ट्रॉफी आली. त्या टीमच्या पहिल्या पाचांत सहा फूट पाच इंचांपेक्षा उंच कोणीच नव्हतं. पूर्ण कोर्टभर प्रेस करून त्यांनी उंच टीम्सना दमवलं. 'करीम मिळाला म्हणून जिंकले' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की 1964 आणि 1965 ची विजेतेपदं करीम टीममध्ये येण्याआधीची आहेत.

ते शिकवायचे कसे? 1974-75 च्या सीझनमध्ये थार्प आणि गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या प्रॅक्टिसला बसून प्रत्येक सूचनेची नोंद केली. अशा दोन हजार तीनशेच्या वर नोंदी झाल्या. त्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश म्हणजे काय करायचं आणि कसं करायचं, एवढंच. शाबासकी आणि ओरडा, दोन्ही शेकडा सातच्या आसपास. आमच्या लॅबमध्ये कोणी अशी मोजणी केली तर काय आकडे येतील, हे मी लिहीत नाही!

ट्रॉफी सोडून देण्याचीही त्यांची तयारी असायची. 1947 मध्ये ते इंडियाना स्टेटला कोच असताना टीमला एका राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं. पण तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती आणि टीममध्ये क्लॅरेन्स वॉकर होता. सरांनी आमंत्रण नाकारलं. पुढच्या वर्षी बंदी उठली, वॉकरला घेऊन टीम गेली आणि फायनलपर्यंत पोचली.

त्यांना देव करायचं कारण नाही. सॅम गिल्बर्ट नावाचा श्रीमंत चाहता यूसीएलएच्या खेळाडूंना नियमाबाहेर मदत करायचा, हे सरांच्या निवृत्तीनंतर पेपरांत सविस्तर आलं. तिकडे त्यांनी डोळे उघडे ठेवायला हवे होते, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांची शिकवण्याची पद्धत त्यामुळे खोटी ठरत नाही.

आता आपल्याकडे या. बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांत इंटर-कॉलेज टूर्नामेंट पंधरा दिवसांवर आली की कोचची शोधाशोध सुरू होते. टीम पहिल्या राउंडला हरली की पुढच्या वर्षी नवा कोच. अशा ठिकाणी वुडन सर दुसऱ्या वर्षीच घरी गेले असते. आणि आपण पोरं तरी काय वेगळे? पहिल्या आठवड्यात डंक मारायचाय, लेफ्ट हँड ड्रिबलचा कंटाळा. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवतो, तसंच.

माझी मागणी साधी आहे. पार्ट-टाइम का होईना, एक चांगला कोच नेमा आणि त्याला निदान चार वर्षं द्या. एक अख्खी बॅच एफई ते बीई त्याच्या हाताखाली खेळू दे. ट्रॉफीचा हिशेब त्यानंतर मागा. तोवर संध्याकाळी साडेपाचला कोर्टवर या, आणि हो, मोजे नीट घालून या.