आधी बसा, मग पाय आत

कयाकमधून माणूस पडलाच तर कुठे पडेल? खोल पाण्यात, जोराच्या वाऱ्यात, मोठ्या लाटेत, असं मला वाटायचं. माझे बाबा पडले ते काठापासून चार पावलांवर, गुडघाभर पाण्यात. कयाक अजून निघालीही नव्हती.

आम्ही बडोद्याचे, पण बाबांचं बालपण मालवणजवळ गेलं. सुट्टी लागली की मुलं खाडीवर गरवायला जायची, म्हणजे गळ टाकून मासे पकडायला. निवृत्तीला वर्ष उरलं तसं बाबांच्या तोंडी पुन्हा तेच सुरू झालं. मग या दिवाळीत आम्ही देवबागला गेलो. कर्ली नदी तिथे समुद्राला मिळते आणि खाडीचं पाणी बरंचसं शांत असतं. फिशिंग कयाक भाड्याने घेतली. बाबा इतके खूश होते की लाइफ जॅकेटचे बक्कल लावायच्या आधीच, एका हातात रॉड घेऊन, स्कूटरवर टांग टाकावी तसा त्यांनी एक पाय आत टाकला.

कयाक बाजूला सरकली. एक पाय तिच्याबरोबर गेला, दुसरा वाळूतच राहिला. पुढचं सांगायला नको. गळ शर्टाच्या बाहीत अडकला (दंडात नाही, हे नशीब), आणि आधीच दुखणारा उजवा गुडघा संध्याकाळपर्यंत टम्म सुजला. आई म्हणाली, "झाली हौस? आता बास." बाबा काहीच बोलले नाहीत. मला तेच जास्त लागलं.

खरं तर फिशिंग कयाक ही काही डळमळीत होडी नाही. साधारण 30 ते 36 इंच रुंद, वरून उघडी, त्यामुळे आत अडकून पडायची भीती नाही. आपण बसलेले असलो की ती छान स्थिर राहते. गडबड होते ती उभ्याने चढताना. उभं राहिलं की आपलं वजन वर जातं, आणि पाय कडेजवळ पडला की सगळा भार एकाच बाजूला येतो. त्यात या कयाकची सीट उंच असते. गरवताना पाठीला बरं वाटावं म्हणून ती उंच केलेली असते, पण चढता-उतरताना हीच उंची सांभाळावी लागते.

दुसऱ्या दिवशी कयाकवाल्या दादाने बाबांना पुन्हा बोलावलं. तो एवढंच म्हणाला, "काका, आधी बसा, मगे पाय घ्या."

मग त्याने करून दाखवलं. कयाक पूर्ण तरंगेल एवढ्या पाण्यात घ्यायची, पोटरीच्या वर, गुडघ्याच्या जरा खाली. एक टोक वाळूवर आणि दुसरं पाण्यात अशी ठेवली तर ती जास्तच डुलते. रॉड होल्डरमध्ये, गळ दोरीवरून काढून डबीत, वल्हं हाताशी. जॅकेट काठावरच घट्ट बांधायचं. मग सीटच्या बाजूला, कयाककडे पाठ करून उभं राहायचं. एक हात मागे नेऊन पलीकडची कड धरायची, दुसरा अलीकडच्या कडेवर, आणि खुर्चीत बसावं तसं सरळ सीटच्या मधोमध बसायचं. पाय अजून बाहेर पाण्यातच. कयाक डुलायची थांबली की एकेक पाय उचलून आत. डोकं मात्र कयाकच्या मध्यावरच ठेवायचं, वाकून बाजूला डोकवायचं नाही. सडपातळ कयाक असेल तर ती दोन पायांच्या मध्ये घेऊनही बसतात, पण रुंद कयाकला आणि दुखऱ्या गुडघ्याला ते जमत नाही.

बाबा बसले. कयाक जेमतेम हलली. आई काठावर पाठ करून उभी होती, तरी मान वळवून बघत होतीच.

उतरणं मला चढण्यापेक्षा अवघड वाटतं. दोन तास बसून पाय आखडतात, मुंग्या येतात. म्हणून काठ जवळ आला की आधी बसल्या बसल्या पाय हलवून मोकळे करायचे. वल्ह्याने तळ चाचपायचा. खाडीत वरून वाळू दिसते आणि खाली घोटाभर चिखल असतो, त्यात पाय रुतला की तोल गेलाच. मग दोन्ही पाय एकाच बाजूला बाहेर, तळाला टेकवून, अंग पुढे झुकवून उठायचं. बाजूला कोणी असेल तर त्याने माणसाला नाही, कयाकला धरायचं. आम्ही आदल्या दिवशी बाबांचा हात ओढत होतो, ते चूकच होतं.

पायात पट्ट्याच्या सँडल हव्यात. हवाई चप्पल चिखलात राहते आणि खडकावरची कालवं पाय कापतात. पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत पाकट बसलेलं असेल तर ते आधीच सरकतं.

भरती-ओहोटीचं वेळापत्रकही बघाच. भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तासांचं अंतर असतं. सकाळी जिथून आरामात बसलात तिथे दुपारी नुसता चिखल असू शकतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. आजीला हे सगळं तिथीवरून कळायचं, मला मोबाइल लागतो. नवशिक्यांनी भांगाचे दिवस निवडले तर सोपं जातं.

समुद्रकिनाऱ्यावरून निघायचं असेल तर कयाकचं तोंड लाटेकडे ठेवा आणि कयाक व किनारा यांच्या मध्ये कधीच उभे राहू नका. लाट आली की पाणी भरलेली जड कयाक थेट नडगीवर येते. खरं सांगायचं तर घरातल्या मोठ्यांना पहिल्यांदा नेताना समुद्र नकोच. उंच जेटीवरून उतरणंही टाळा.

आणि मध्येच पाण्यात पडलात तर? उलटलेली कयाक सरळ करायची, बाजूने दोन्ही कडा धरायच्या, पाय मारत अंग पाण्यावर आडवं आणायचं आणि पोटावर वर सरकायचं. मग वळून बसायचं, पाय शेवटी. वाचायला सोपं आहे. मी उथळ पाण्यात तीनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा जमलं. बाबांना जमलं नाही. त्यामुळे आमच्यात ठरलं की जिथे पाय टेकत नाहीत तिथे बाबा एकटे जाणार नाहीत, शेजारी दुसरी कयाक हवीच. थोडी कुरकुर झाली, पण मान्य केलं.

त्या दिवशी त्यांना एकच बोटभर मासा मिळाला, तोही सोडून दिला. आता बडोद्यात रोज रात्री ते दिवाणावर बसताना आधी बसतात, थांबतात, मग एकेक पाय वर घेतात. आई म्हणते, "दिवाण उलटतोय की काय?" पण मार्चच्या तिकिटांची चौकशी तिनेच केली आहे.