गायक बदलला की बँडच बदलतो? लिंकिन पार्कच्या निमित्ताने समजून घ्या

जानेवारी २०२६. मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स, लोलापलूझा महोत्सव आणि स्टेजवर लिंकिन पार्क. एमपीथ्रीच्या जमान्यात 'नम्ब' ऐकत मोठ्या झालेल्या पिढीनं या क्षणाची कित्येक वर्षं वाट पाहिली होती. पण माईकसमोर चेस्टर बेनिंग्टन नव्हता. २० जुलै २०१७ रोजी त्याचं निधन झालं. त्याच्या जागी होती एमिली आर्मस्ट्राँग.

सोशल मीडियावर तेव्हापासूनचा वाद तुम्हीही वाचला असेल: "चेस्टर नाही, तर हे लिंकिन पार्क कसलं?"

नेमकं काय बदललं?

सात वर्षांच्या शांततेनंतर ५ सप्टेंबर २०२४ ला बँड परतला. 'डेड सारा' या बँडची एमिली गायिका म्हणून आली. ड्रमर रॉब बोर्डननं परतायचं नाही असं ठरवलं, त्याच्या जागी कॉलिन ब्रिटन आला. गिटारिस्ट ब्रॅड डेल्सन बँडमध्ये आहे, पण दौऱ्यांवर जात नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'फ्रॉम झीरो' हा अल्बम आला.

या अल्बमच्या नावातच एक गोष्ट दडली आहे. बँडचं सुरुवातीचं नाव 'झीरो' होतं आणि तेव्हाचा गायक होता मार्क वेकफिल्ड. तो गेल्यावर १९९९ मध्ये चेस्टर आला. म्हणजे ज्याची जागा कुणीच घेऊ शकत नाही असं आपण म्हणतो, तोसुद्धा कधीकाळी दुसऱ्याच्याच जागी आला होता.

मग संगीत बदललं का?

इथे एक गंमत आहे. २००३ चा 'मीटिओरा' आणि २०१७ चा 'वन मोर लाइट' लागोपाठ ऐका. माणसं तीच, पण पहिल्यात जड गिटार आणि किंकाळ्या, तर दुसऱ्यात जवळपास पॉप. उलट नव्या माणसांसोबतचा 'फ्रॉम झीरो' जुन्या बाजाच्या जास्त जवळ जातो.

कारण? आवाज बदलला तरी गाणी रचण्याची सूत्रं आजही मुख्यतः माईक शिनोडाकडे आहेत. 'द एम्प्टिनेस मशीन' या पहिल्याच गाण्यात सुरुवातीला तो गातो, एमिली नंतर येते. श्रोत्याला ओळखीच्या आवाजाचा हात धरून नव्या आवाजापर्यंत नेल्यासारखं.

इतर बँड्सचं काय झालं?

एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रायन जॉन्सनसह 'बॅक इन ब्लॅक' आला आणि जगातल्या सर्वाधिक खपाच्या अल्बममध्ये जाऊन बसला. बँडचा बाज तोच राहिला, कारण गाणी बांधणारे अँगस आणि माल्कम यंग हे भाऊ जागेवर होते.

फ्लीटवुड मॅकचं उलट झालं. १९६७ मध्ये सुरू झालेला हा ब्लूज बँड. संस्थापक पीटर ग्रीन १९७० मध्ये बाहेर पडला. १९७५ च्या सुमारास लिंडसे बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स आले. दोघंही स्वतः गाणी लिहिणारे. १९७७ च्या 'रूमर्स'पर्यंत तो पूर्ण वेगळा बँड झाला होता. नाव आणि ड्रम-बेसची जोडी तेवढी जुनी.

आपल्याकडचं उदाहरण 'इंडियन ओशन'चं. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचा. डिसेंबर २००९ मध्ये तो गेल्यावर बँडनं त्याची नक्कल शोधली नाही. गाणं एकाकडे आणि तबला दुसऱ्याकडे अशी दोन माणसं घेतली. २०१३ मध्ये गिटारिस्ट सुस्मित सेनही बाहेर पडला. बँड आजही वाजवतो आहे.

थोडक्यात काय?

कोण गेलं यापेक्षा त्या माणसाकडे कोणतं काम होतं, हे पाहायला हवं. गाणी रचणारा बदलला की दिशा बदलते. फक्त गाणारा बदलला तर दिशा बहुतेकदा तीच राहते, पण गाण्याचा चेहरा बदलतो.

आणि आपलं नातं जडतं ते चेहऱ्याशी. म्हणून एमिली कितीही चांगली गायली तरी काहींना ते टोचत राहणार. चेस्टरच्या मुलानंही जाहीर नाराजी व्यक्त केली होती. ते दुःख खरं आहे, त्याला 'ट्रोलिंग' म्हणून उडवून लावू नये. पण "हा बँड आता संपला" असं म्हणण्याआधी 'फ्रॉम झीरो' एकदा सलग ऐकून बघा. चेस्टरची जुनी गाणी तर कुठेच गेलेली नाहीत.